यंत्रांतले तारे व आकाशांतले तारे

संगणकाच्या पडद्यावर तारा जन्मास येतांना दाखवितात, तेव्हां हें शास्त्र कीं नुसतें चित्र, अशी शंका पालकांच्या मनांत येणें साहजिक आहे. ती शंका रास्त असल्यामुळें तिचा थोडा विचार करणें आम्हांस अवश्य वाटतें.

तारा वायु व धूळ यांच्या मेघांत जन्मतो. मेघ आकुंचन पावूं लागला म्हणजे त्याचें फिरणें वाढतें, आणि बालताऱ्याभोंवतीं एक तबकडी तयार होते. त्या तबकडींतील द्रव्य ताऱ्यावर पडावयाचें तर त्याचें फिरणें कमी झालें पाहिजे. तबकडीच्या दोन्ही अंगांनीं उसळणारे वायूचे झोत या कामीं साह्य करितात, असें शास्त्रज्ञ मानतात. १९८२ सालीं ब्लँडफर्ड व पेन यांनीं फिरत्या तबकडींतील द्रव्य चुंबकीय बलरेषांच्या आधारें बाहेर कसें फेंकलें जातें, याचें गणित मांडलें. पुढें तेंच बालताऱ्यांसही लावण्यांत आलें.

परंतु तारा घडण्यास लाखों वर्षें लागतात. तितका वेळ कोण थांबणार? म्हणून संगणकाचा आश्रय घ्यावा लागतो. अवकाशाचे लहान लहान कप्पे कल्पून प्रत्येकांतील वायूची घनता, वेग, उष्णतामान व चुंबकत्व मांडावयाचें, आणि पदार्थविज्ञानाच्या नियमांनीं क्षणामागून क्षण पुढें मोजीत जावयाचें, अशी ही रीत आहे. आकाशांतील ताऱ्याचें चुंबकत्व काढून घेतां येत नाहीं. यंत्रांत तें येतें, व कोणत्या कारणाचें कोणतें कार्य हें उलगडतें. हा लाभ लहान नव्हे.

मात्र तापलेला वायु प्रकाश फेंकून थंड होतो, एवढी एक गोष्ट हिशेबांत धरली नाहीं, तर झोताच्या टोंकाशीं जमणारा थंड व दाट थर पडद्यावर उमटतच नाहीं. यंत्र तक्रार करीत नाहीं. अपुऱ्या गृहीतावरूनही तें तितकेंच सुंदर चित्र काढून देतें. खरा धोका येथें आहे.

त्याची परीक्षा आकाशच घेतें. हबल दुर्बिणीनें १९९४ ते २००८ पर्यंत टिपलेल्या छायाचित्रांवरून पॅट्रिक हार्टिगन व त्यांचे सहकारी यांनीं २०११ सालीं अशा झोतांचे चलच्चित्रपट प्रसिद्ध केले. ताशीं सुमारें ७,००,००० किलोमीटर वेगानें धांवणारा हा वायु अखंड धारेनें न येतां तुटक पुंजक्यांनीं बाहेर पडतो, आणि वेगवान पुंजका पुढच्या मंद पुंजक्यास गांठून त्यावर आदळतो, असें त्यांत दिसून आलें. ज्या प्रतिरूपांत हे धक्के दिसणार नाहींत, तें कितीही देखणें असलें तरी सुधारावें लागेल, नाहीं तर सोडावें लागेल.

प्रतिरूप हा नीट मांडलेला तर्क आहे. त्यास तर्काइतकाच मान द्यावा, असें आमचें मत आहे. आजच्या विद्यार्थ्यांस यंत्राकडून तयार उत्तरें पुष्कळ मिळतात. त्यांनीं दोन प्रश्न विचारण्याची संवय लावून घ्यावी: यंत्रांत काय घातलें होतें, आणि निघालें तें कशाशीं ताडून पाहिलें? सृष्टि ईश्वराची कृति आहे व प्रतिरूप माणसाची. दोहोंत तफावत पडल्यास दुरुस्ती कोणत्या बाजूस करावयाची, हें निराळें सांगावयास नको.