गाडी दारात आली, पण घराला अर्थिंग आहे का?



पूर्वी गणपतीला चाकरमानी यायचा तो एस.टी.तून, ट्रंक सांभाळत. आता अंगणात मोटार येऊन उभी राहते, आणि एखाद्या घरी ती विजेवर चालणारी असते. मुंबई ते रत्नागिरी जवळजवळ साडेतीनशे किलोमीटर. घरी पोचेतो बॅटरी उतरलेली. मग लेक डिकीतून वायरचे वेटोळे काढतो आणि विचारतो, "बाबा, प्लग कुठे लावू?" पडवीतल्या बोर्डातून एक्स्टेन्शन ओढले जाते. त्याच बोर्डावर गणपतीच्या माळा, पंखा आणि वाटपाचा मिक्सर. रात्री कुणी सहज वायरीला हात लावतो, तो चटका बसतो!

तुमच्या घरी असे झाले असेल, तर आधी ते एक्स्टेन्शन काढून ठेवा. मग चार्जर कोणता घ्यायचा ते पाहू.

मोटारीबरोबर बहुधा एक सुटा चार्जर मिळतो. तो जाड पिनांच्या १५-१६ अँपियरच्या सॉकेटवर चालतो आणि तासाला सुमारे ३ युनिट वीज घेतो. दुसरा भिंतीवर कायमचा बसवायचा, ७ किलोवॅटच्या आसपासचा. त्याला ३२ अँपियरची स्वतंत्र लाइन लागते. ३० युनिटांची रिकामी बॅटरी पहिल्यावर दहा-अकरा तासांत भरते, दुसऱ्यावर पाचेक तासांत. ऐकताना दुसराच बरा वाटतो. पण जरा हिशेब करा. रत्नागिरीहून पावसला जाऊन यायचे म्हणजे चाळीसेक किलोमीटर. छोटी मोटार एका युनिटात सहा-सात किलोमीटर जाते. म्हणजे खर्च झाली सहा-सात युनिटे. ती साध्या चार्जरवर अडीच तासांत परत भरतात. तुम्ही जेवून आडवे झालात, की मध्यरात्रीच्या आत काम झाले. स्कूटरला तर तिचा लहान चार्जर आणि इस्त्रीइतकी वीज पुरते. ज्याची गाडी भाड्याने रोज शंभर-दीडशे किलोमीटर फिरते, त्याने मोठा चार्जर जरूर घ्यावा. बाकीच्यांनी ते पैसे पुढच्या कामासाठी राखावेत.

आता विजेचे बिल हातात घ्या. घरच्या चालू जोडणीवर स्वतःची गाडी चार्ज करायला केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनी मुभा दिली आहे. पण बिलावर 'मंजूर भार' छापलेला असतो तो वाचा. तो एक-दोन किलोवॅट असेल, तर आधी महावितरणकडे अर्ज करून वाढवून घ्या. महिन्याला हजार किलोमीटर फिरलात, तर दीडशेहून अधिक युनिटे वाढतील. घरगुती दर १०० युनिटांनंतर चढतो आणि ३०० नंतर आणखी चढतो, हेही हिशेबात धरा.

एक मोह मात्र टाळा. कलमबागेतल्या पंपाची लाइन जवळ आहे, दरही स्वस्त आहे, म्हणून गाडी तिथे लावू नका. ज्या कामासाठी जोडणी मंजूर आहे ते सोडून दुसऱ्या कामाला वीज वापरणे हा २००३ च्या वीज कायद्यातील कलम १२६ प्रमाणे अनधिकृत वापर ठरतो, आणि आकारणी चढ्या दराने होते.

आता मुख्य गोष्ट, ती म्हणजे अर्थिंग. आपली जमीन जांभ्याची. पावसात ओलीचिंब, पण पाणी धरून ठेवीत नाही. एप्रिल-मे महिन्यांत ती इतकी कोरडी होते, की पावसाळ्यात चांगले चाललेले अर्थिंग उन्हाळ्यात नावापुरतेच उरते. विजेची मोटार हे बरोबर ओळखते. अर्थिंग मिळाले नाही, की बहुतेक चार्जर लाल दिवा दाखवून बंद पडतात. मग एखादा हुशार माणूस सॉकेटच्या मागे अर्थिंगची पिन न्यूट्रलला जोडून देतो. दिवा हिरवा होतो, सगळे खूश! पण वादळात खांबावरची न्यूट्रल तार तुटली, तर त्याच जोडातून वीज गाडीच्या पत्र्यावर येते. अशा वेळी ब्रेकरही वाचवीलच असे नाही. ओल्या अंगणात अनवाणी उभे राहून गाडीचे दार उघडणाऱ्याचा जीव जाईल. तो हिरवा दिवा तुम्हाला नको.

त्याऐवजी न्हाणीघराचे पाणी जिथे जाते, केळी-पोफळी जिथे बारमाही ओल्या असतात, तिथे अर्थिंगचा खड्डा घ्या. एका सळईने भागत नसेल तर अंतर ठेवून दुसरी ठोका आणि दोन्ही जोडा. परवाना असलेल्या वायरमनकडून ते मीटरने मोजून घ्या, तेही मे महिन्यात. भर उन्हाळ्यात जे टिकते ते पावसात टिकणारच.

त्याच वायरमनला सांगा : मुख्य बोर्डापासून चार्जरपर्यंत वेगळी तांब्याची वायर, १६ अँपियरला ४ चौरस मिलिमीटर, ३२ ला निदान ६, अंतर लांब असेल तर त्याहून जाड. स्वतंत्र एम.सी.बी. आणि ३० मिलिअँपियरचा आर.सी.सी.बी. त्याचे 'टेस्ट' बटण महिन्यातून एकदा दाबून पाहा. खटका पडला पाहिजे. विजांसाठी सर्ज प्रोटेक्टर बसवा, तरीही गडगडाट सुरू झाला की प्लग काढा.

जागाही विचाराने ठरवा. इथे वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तो पश्चिमेकडून झोडपतो. चार्जर त्या भिंतीवर नको. छपराखाली, कोरड्या भिंतीवर, छातीच्या उंचीवर आणि मुलांचा हात सहज पोचणार नाही असा लावा. समुद्राजवळच्या घरी खारा वारा पत्र्याची पेटी टिकू देत नाही. प्लास्टिकची, पाणी न शिरणारी घ्या. आणि ३ जून २०२० चे निसर्ग वादळ आठवा. मंडणगड-दापोलीकडे कित्येक गावांनी त्यानंतर अनेक दिवस अंधारात काढले. वादळाची सूचना आली, की पाण्याची पिंपे भरतो तशी गाडीही भरून ठेवा.

आंब्याचे पैसे हातात येतात तेव्हाच मे महिना असतो. दुकानात जाण्याआधी वायरमनला बोलवा. चार्जर लहान असला तरी चालेल, पण अर्थिंग पक्के हवे. म्हणजे भाद्रपदात लेक आला आणि "बाबा, प्लग कुठे लावू?" म्हणाला, की तुम्ही निर्धास्तपणे बोट दाखवाल.