भीड भिकेची बहीण

कडोदऱ्यातील आमच्या मराठी-कोंकणी मंडळीच्या वैशाखातील बैठकीत एका कुत्र्याचा विषय निघाला, आणि देवाच्या कामासाठी जमलेल्या माणसांनी असल्या क्षुल्लक गोष्टीत वेळ दवडावा याचे पुष्कळांना वाईट वाटले. बैठक संपल्यावर जोडे घालता घालता तिघाचौघांनी आम्हांस बाजूला घेऊन तसे बोलूनही दाखविले. एका वयोवृद्ध बाईंनी तर "आमकां कित्याक जाय तें?" एवढ्याच शब्दांत सगळ्या चर्चेचा निकाल लावला. त्यांच्याविषयी आम्हांस आदर आहे. परंतु त्यांच्या प्रश्नास उत्तर देणे अवश्य वाटते. कारण हाच प्रश्न मनाशी विचारून आपल्यांतील बहुतेक जण स्वस्थ बसलेले आहेत.

हकीकत अशी. हमरस्त्यापासून थोड्या आत, एका वसाहतीत आमच्यांपैकीच एक गृहस्थ राहतात. त्यांचे नाव आम्ही येथे देणार नाही. चार वर्षांपूर्वी मुलाच्या हट्टावरून त्यांनी अल्सेशियन जातीचे पिलू आणले. पुढे मुलगा शिक्षणासाठी परगावी गेला आणि ते जनावर जिन्याखालच्या पत्र्याच्या आडोशाला आले. साखळी दीड हाताची. सुरतेकडचा उन्हाळा ज्यांनी अनुभवला आहे त्यांना दुपारी दोन वाजता पत्रा कसा तापतो ते सांगावयास नको. पाण्याचे भांडे बहुधा कोरडे, गळ्यातील पट्ट्याखालचे केस झडून कातडी लाल झालेली, आणि त्यास फिरावयास नेलेले शेजाऱ्यांपैकी कोणी कित्येक महिन्यांत पाहिलेले नाही. रात्री ते ओरडते. ओरडू लागले की आसपासच्या घरांच्या खिडक्या एकामागून एक बंद होतात. त्या खिडक्यांत आमचीही एक आहे, हे येथेच सांगून टाकतो.

आता यात बैठकीने अवघडून जाण्यासारखे काय होते? एवढेच, की दत्तजयंतीच्या महाप्रसादाचा मोठा भाग हे गृहस्थ उचलतात. बाकी सारी कारणे मागाहून शोधलेली आहेत. शेजारधर्म, परक्याच्या घरात नाक न खुपसण्याची सभ्यता, परमुलखातील आपल्या माणसांची एकी, अशी एकाहून एक भारदस्त नावे आमच्या भित्रेपणास त्या दिवशी मिळाली. आमच्या वाडवडिलांनी भिडेस भिकेची बहीण म्हटले ते उगीच नव्हे. देणगीदाराच्या भिडेने जे देवस्थान एका भांडेभर पाण्याविषयी बोलू शकत नाही, त्यास भिकेची वेगळी व्याख्या कशास हवी?

ज्या तसबिरीसमोर आमची ही बैठक भरते, तीत दत्तमहाराजांच्या पायाशी चार कुत्री आहेत. ते चार वेद होत, असे आम्ही मुलांना शिकवितो आणि त्यांच्यावरही फुले वाहतो. युधिष्ठिराने बरोबर आलेल्या कुत्र्यास टाकून स्वर्गात पाऊल ठेवण्याचे नाकारले, ही कथा आमच्या कीर्तनात दरसाल होते. भाकरी पळविणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव आणि रामेश्वराला निघालेली गंगेची कावड तहानेल्या गाढवाच्या तोंडी रिकामी करणारे एकनाथ यांच्या नावाने आम्ही सद्गदित होतो. वाचकहो, नाथांच्या त्या गाढवाचाही कोणी मालक असेलच! तो काय म्हणेल, याची चौकशी करीत नाथ थांबल्याचे कोणी सांगत नाही.

आणि आम्ही राहतो तो मुलूख तरी कोणता? सुरतेस सतराव्या शतकाच्या अखेरीस आलेल्या ओविंग्टन नामक इंग्रज पाद्र्याने येथे गाई, घोडे, बकऱ्या, कुत्री यांच्यासाठी चालविलेले रुग्णालय पाहून त्याचे वर्णन लिहून ठेवले आहे. पलीकडे मुंबईत १८३२ साली, कुत्रे मारून आणणारास आठ आणे बक्षीस देण्याच्या सरकारी हुकमाविरुद्ध पारशी मंडळी रस्त्यावर उतरली, बाजार बंद पडले, आणि दोनच वर्षांनी जमशेटजी जीजीभाई व अमीचंद शहा यांच्या पुढाकाराने तेथे पांजरापोळ उभी राहिली. आजही उत्तरायणात मांज्याने जखमी झालेल्या पाखरांसाठी गुजरातेत सरकार करुणा अभियान चालविते व आमचीच मुले त्यात उत्साहाने धावपळ करतात. आकाशातून पडलेले पाखरू उचलताना कोणा यजमानाचा रोष पत्करावा लागत नाही, हे त्या उत्साहाचे एक कारण असावे अशी आमची शंका आहे.

परंतु तक्रार करण्याची आम्हांस सवय नाही असे मात्र कोणी समजू नये. गेल्या वर्षी आम्ही तक्रार केली होती, आणि तिचे स्मरण झाले की आजही मान खाली जाते. मागच्या चाळीत एक ओडिया विणकर राहत असे. बारा तासांची पाळी, एका खोलीत आळीपाळीने झोपणारी सहा-सात माणसे, आणि दाराशी एक अतिशय रोडावलेले कुत्रे. बरगड्या मोजाव्यात असे. आमच्या तरुण मंडळीने त्याची छायाचित्रे काढली, ती घरोघरच्या फोनवर फिरली, चार शिव्याशाप झाले आणि एक निनावी अर्ज गेला. आम्ही स्वतः त्या अर्जाचा मसुदा वाचून मान डोलावली होती. चौकशीस माणूस आला तेव्हा विणकराने ट्रंकेतून कागद काढले. कुत्रे म्हातारे होते, त्याची मूत्रपिंडे निकामी होत चालली होती, आणि दर पंधरवड्यास रजेचा पगार बुडवून हा मनुष्य त्यास रिक्षाने सुरतेस डॉक्टरकडे नेत होता. तो कोणास एक शब्द बोलला नाही. महिन्याभरात खोली सोडून गेला. त्याच्या दारापर्यंत जाऊन "अरे भाऊ, याला काय झाले आहे?" असे विचारावयास आम्हांस बारा पावले चालावी लागली असती.

चोर सोडून संन्याशास सुळी देणे म्हणतात ते हेच. गरिबाच्या कुत्र्याच्या बरगड्या आम्हांस रस्त्यावरून दिसतात आणि देणगीदाराच्या कुत्र्याची साखळी डोळ्यासमोर असून दिसत नाही, हा दृष्टीचा दोष डोळ्यांच्या डॉक्टराकडून बरा होणारा नव्हे. म्हणून आमचे म्हणणे असे की, संशय आला की प्रथम दार ठोठवावे. आणि ते ज्याचे दार ठोठावण्याची आपणांस भीती वाटते त्याचे आधी ठोठवावे. जनावर रोड आहे एवढ्यावरून काही ठरत नाही. आजार असेल, वय असेल. पाहावयाचे ते हे: भांड्यात पाणी आहे काय, सावली आहे काय, साखळी किती आहे, जखम झाली असल्यास वैद्याला दाखविली काय, दिवसातून कधी ते मोकळे होते काय. घरधनी आजारी असेल, घरात कोणी उरले नसेल, तर आपण होऊन सकाळची फेरी अंगावर घ्यावी. पुष्कळ प्रकरणे तेथेच मिटतील. जी मिटणार नाहीत त्यांच्यासाठी कायदा आहे.

त्या कायद्याविषयी बैठकीत जे अज्ञान प्रकट झाले ते थोडे दूर करू. रुक्मिणीदेवी अरुंडेल या १९५२ साली राज्यसभेवर नियुक्त झाल्या व त्यांनी प्राण्यांवरील क्रूरता रोखण्यासाठी खाजगी विधेयक मांडले; सरकारच तसा कायदा करील असे आश्वासन पंडित नेहरूंनी दिल्यावर त्यांनी ते मागे घेतले, आणि १९६० साली कायदा झाला. त्याच्या ११ व्या कलमान्वये धन्याने पुरेसे अन्न, पाणी व निवारा न देणे हा गुन्हा आहे. गैरवाजवी आखूड अथवा जड साखळीने फार वेळ बांधणे हा गुन्हा आहे. आणि नेहमी बांधून ठेवलेल्या कुत्र्यास फिरविण्याची हयगय करणे हाही गुन्हा आहे. म्हणजे जिन्याखाली जे चालले आहे ते कोणाच्या घरची खाजगी बाब राहिलेली नाही. मात्र दोन अडचणी आहेत. हा गुन्हा दखलपात्र नाही, त्यामुळे पोलीस आपण होऊन धावत येतील ही आशा व्यर्थ. आणि गुन्हा घडल्यापासून तीन महिन्यांच्या आत खटला दाखल झाला नाही तर पुढे तो चालत नाही. "बघू, पुढच्या बैठकीत घेऊ" असे म्हणणाऱ्या आमच्या चिटणीसांनी हे ३६ वे कलम अवश्य वाचावे. तसेच, ३४ व्या कलमाप्रमाणे शिपायाहून वरच्या दर्जाच्या पोलीस अधिकाऱ्यास, गुन्हा घडत आहे असे मानण्यास कारण असल्यास, जनावर तपासणीसाठी ताब्यात घेता येते. त्यास ते कारण दाखवावयास कोणीतरी आपल्या नावानिशी उभे राहिले पाहिजे.

दंड पहिल्या खेपेस दहा ते पन्नास रुपये, असे ऐकून बैठकीत हशा पिकला. हसण्यासारखे आहे खरे. सर्वोच्च न्यायालयानेही २०१४ साली जल्लिकट्टूच्या निकालात ही शिक्षा अपुरी असल्याचे सांगून संसदेने ती वाढवावी अशी अपेक्षा व्यक्त केली. पण आमच्या गृहस्थांस पन्नास रुपयांची भीती कधी होती? त्यांना भीती आहे ती चार माणसांत नाव निघण्याची. तोच लगाम आमच्या हाती असून आम्ही दंडाच्या रकमेकडे बोट दाखवावे, यास काय म्हणावे?

एक आक्षेप मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. जेथे माणसे यंत्रमागाशेजारी उभी राहून आयुष्य काढतात, तेथे कुत्र्याच्या सावलीची काळजी शोभते काय? हा प्रश्न मजुरांत काम करणाऱ्या कोणी विचारला असता तर आम्ही खाली मान घालून ऐकला असता. बैठकीत तो ज्यांनी विचारला ते मोटारीतून उतरून आले होते, आणि मागच्या चाळीत त्यांचे पाऊल कधी पडल्याचे आम्हांस ठाऊक नाही. त्या चाळीतील ज्या एका माणसाने आपला पगार बुडवून मुक्या जनावरास औषध दिले, त्यास तर आम्हीच घालवून दिले.

असो. बैठकीत ठराव झाला नाही, तेव्हा दुसऱ्या दिवशी आम्ही तिघे जण त्या गृहस्थांकडे गेलो. त्यांनी प्रथम चहा विचारला. विषय निघताच संतापले आणि यंदाच्या महाप्रसादातून आपले नाव काढा म्हणाले. आम्ही ते काढले. चार दिवसांनी साखळी बदललेली दिसली, ती आता पाच-सहा हात आहे. पाण्याचे मातीचे भांडेही आले. गळ्याची जखम मात्र वैद्याला दाखविलेली नाही, आणि पत्र्याच्या जागी काही झालेले नाही. आम्ही त्यांना सांगून आठ दिवस थांबलो आहोत. पुढील सोमवारी ते पुरे होतात. अर्ज लिहून तयार आहे, त्यावर आमच्या तिघांच्या सह्या आणि पत्ते आहेत. त्याची एक प्रत मंडळाच्या कपाटात ठेवली आहे. ज्यांना वाचावयाची अगर सही करावयाची असेल त्यांनी शनिवारच्या आरतीनंतर मागून घ्यावी.