ढोलाची रिकामी जागा

बंगळुरूला पोस्टिंग मिळालं की दोन गोष्टी आपोआप होतात. घरी पाहुण्यांची रीघ लागते, आणि शनिवारी संध्याकाळी पन्नाशी ओलांडलेला कुणीतरी हमखास विचारतो, "दोन हजार तीनला तुम्ही होतात का?"

काय होतं दोन हजार तीनला, हे विचारायचं नसतं. ४ एप्रिल २००३, पॅलेस ग्राउंड्स, रोलिंग स्टोन्स. तीन दिवसांनी ते मुंबईला ब्रेबॉर्नवरही वाजवून गेले, पण इथल्या लोकांच्या लेखी मुंबईचा कार्यक्रम झालाच नाही. पावसात भिजून ऐकलं, असं सगळे सांगतात. तेव्हा होते त्याच्या दुप्पट लोक आज 'मी होतो' म्हणत असतील. मी नव्हतो. मी राजौरीकडे नियंत्रण रेषेवरच्या एका पोस्टवर होतो आणि युद्धबंदी व्हायला अजून साडेसात महिने होते.

सध्या मी कुक टाउनमधल्या एका निवृत्त विंग कमांडर सरांच्या बैठकीचा सभासद आहे. सात-आठ जण, जुन्या तबकड्या, एक जाडजूड ॲम्प्लिफायर आणि बाईसाहेबांच्या हातची कटलेटं. दातांचे एक डॉक्टर आहेत, एक बँकेतून निवृत्त झालेले अय्यर आहेत, बाकी निम्मे फौजी. सेहेचाळिसाव्या वर्षी मी तिथला सगळ्यात लहान, म्हणून बर्फ आणायचं काम माझ्याकडे. गावाच्या कँटोन्मेंट बाजूला हे संगीत का रुजलं ते त्या घरात कळतं. अँग्लो-इंडियन घरांतले पियानो, क्लबांतले नाच, फौजी बँड, हे सगळं आधीपासून होतंच. इलेक्ट्रिक गिटार नंतर आली.

माझं या बँडशी नातं जुळलं ते खडकवासल्याला. आमच्या घरी भीमसेन आणि नाट्यसंगीत. एनडीएत दुसऱ्या टर्मला असताना एका सीनियरने रात्री केबिनमध्ये बोलावलं आणि फ्रंट रोल मारायला लावले. टेपवर स्टोन्स चालू होते. कॅसेटची बाजू संपेपर्यंत रगडा चालायचा. ड्रमवाला कुठे घाई करत नाही, हे मला पालथं-उलथं होतानाच जाणवलं. बाकी कुणाला संगीताची गोडी अशी लागली असेल तर कळवा.

तर गेल्या बैठकीत पुन्हा तेच भांडण झालं. त्यांचा दौरा होणार की नाही, कुठे होणार, अशा बातम्या निघाल्या की होतंच. डॉक्टर म्हणतात, चार्ली वॉट्स गेला तेव्हाच बँड संपला, आता चाललाय तो धंदा. २४ ऑगस्ट २०२१ ला चार्ली ऐंशीव्या वर्षी गेला आणि बरोबर तेहतिसाव्या दिवशी बाकीचे सेंट लुईसला स्टेजवर उभे होते. तेरावं झाल्यासारखं करून मोकळे झाले, असं डॉक्टरांचं म्हणणं.

डॉक्टरांची बाजू पोकळ नाही. १९६३ च्या जानेवारीपासून अठ्ठावन्न वर्षं हा एकच माणूस मागे बसला होता. बहुतेक बँडमध्ये ड्रमवाला पुढे आणि बाकीचे त्याच्या मागे. इथे उलटं. कीथ रिचर्ड्सची गिटार पुढे जायची आणि चार्ली तिला धरून चालायचा, आपल्याकडे ढोलकीवाला लावणीवालीच्या पायाकडे बघून वाजवतो ना, तसा. डाव्या हाताने मुख्य ठोका देताना उजवा हात झांजेवरून उचलून घ्यायचा. त्यामुळे मधे श्वासाएवढी जागा पडायची. ती जागा दुसऱ्याला आणता येत नाही, असं डॉक्टर म्हणतात, आणि ते खरं आहे. माणूसही न्यारा. गाडी चालवता येत नसताना जुन्या गाड्या जमवायचा, बायकोबरोबर अरबी घोडे पाळायचा आणि दौऱ्यावर झोपलेल्या प्रत्येक हॉटेलातल्या पलंगाचं चित्र काढायचा.

तरीही मी डॉक्टरांच्या विरोधात आहे. कारण एक गोष्ट ते सोयीने विसरतात. चार्लीने चार्ज दिला होता. त्या ऑगस्टच्या सुरुवातीला, आजारपणामुळे दौऱ्यावर जाता येणार नाही म्हटल्यावर, माझ्या जागी माझा मित्र स्टीव्ह जॉर्डन वाजवेल हे त्यानेच कळवलं होतं. जॉर्डन बाजारातून आणलेला नव्हता, कीथबरोबर तो ऐंशीच्या दशकापासून वाजवत होता. आमच्या भाषेत हे पूर्ण हँडिंग-टेकिंग ओव्हर झालं. आणि सेंट लुईसला सुरुवातीला स्टेज मोकळं ठेवलं होतं. नुसता ड्रमचा ठोका आणि पडद्यावर चार्लीचे फोटो. मग बाकीचे आले.

यापेक्षा वाईट या बँडने आधी केलेलं आहे, त्यावर डॉक्टर गप्प असतात. बँड काढणारा, त्याला नाव देणारा ब्रायन जोन्स. त्याला जून १९६९ मध्ये काढला, ३ जुलैला तो मेला आणि ५ जुलैला हाइड पार्कात त्याच्या जागी नवा गिटारवाला होता. त्याहून मला खटकतो तो इयन स्टुअर्ट. हा पहिल्या दिवसापासूनचा पियानोवाला. १९६३ मध्ये मॅनेजरला त्याचा चेहरा बँडला शोभेना, म्हणून त्याला फोटोतून काढलं. तो गेला नाही. सामान वाहायचा, गाडी हाकायचा, गरज पडली की पियानोवर बसायचा, थेट १९८५ मध्ये मरेपर्यंत. प्रत्येक पलटणीत असा एक क्वार्टरमास्टरचा माणूस असतो. त्याच्यासाठी बैठकीत कुणी ग्लास उचलत नाही.

आता माझं. २००३ च्या जूनमध्ये आमच्या पलटणीचा बेस ड्रमवाला गेला. लढाईत बँडवाले स्ट्रेचर उचलतात, हे सिव्हिलियन वाचकांना सहसा माहीत नसतं. तो एका जखमीला खाली आणत होता आणि स्प्लिंटर लागला. नाव लिहीत नाही, घरच्यांना विचारलेलं नाही. सातारा जिल्ह्यातला, धिप्पाड, जेवायला बसला की लंगरवाला घाबरायचा.

हिवाळ्यात रेझिंग डे आला. युद्धबंदी होऊन थोडेच दिवस झाले होते. मी तेव्हा लेफ्टनंट, डोक्यात सिनेमे. मी सुचवलं की ढोलाची जागा मोकळी ठेवावी, ढोलावर काळं कापड टाकावं. सुभेदार मेजर साहेबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "साहेब, मोकळी जागा दिसली की पोरं तिकडंच बघत्यात. पाऊल चुकंल." ढोल दिला एका शिकाऊ पोराला, गेलेल्याच्याच हाताखाली शिकलेल्या. त्याचं वाघाचं कातडं (नकलीच, पण आम्ही वाघाचंच म्हणतो) या पोराच्या गुडघ्यापर्यंत लोंबत होतं. पहिली पाच मिनिटं तो अर्धा ठोका मागे होता. पलटण अर्धा ठोका मागे चालली. कुणी त्याबद्दल एक अक्षर काढलं नाही, सीओ साहेबांनीसुद्धा नाही. पट्ट्याच्या आतल्या बाजूला गेलेल्याचं नाव बॉलपेनने लिहिलेलं होतं, ते तसंच राहिलं.

हा ब्लॉग वाचणाऱ्या निवृत्त मंडळींपैकी अनेकांची पत्रं येतात. आमच्या वेळची पलटण राहिली नाही, पोरं मोबाइलवर असतात, बड्या खान्याला पूर्वीची मजा नाही. सर, माफ करा, पण हे डॉक्टरांचंच भांडण आहे. आपण निघालो तेव्हा ती संपायला हवी होती, अशी थोडी इच्छा त्यात असते. मलाही काही वर्षांत होईल. पण तो पोरगा आता सुभेदार आहे आणि त्याने तिघांना ढोल शिकवला आहे. त्यांना आमच्या वेळचं काहीच माहीत नाही, आणि तरी पाऊल पडतं.

तिकिटांच्या किमतीबद्दल मात्र मी डॉक्टरांच्या बाजूने आहे. आणि शिकवून तयार केलेला माणूस मागे नसेल, तर दुकान बंद केलेलं बरं, हेही मान्य.

वाद वाढल्यावर विंग कमांडर सरांनी 'हॅकनी डायमंड्स' लावली. ऑक्टोबर २०२३ ची, अठरा वर्षांनी आलेली स्वतःच्या नव्या गाण्यांची तबकडी. तिच्यात दोन गाण्यांवर चार्ली आहे, जाण्याआधी वाजवून ठेवलेला, बाकी जॉर्डन. सरांनी कव्हर पाठीमागे लपवलं आणि म्हणाले, ओळखा. मी एक बरोबर सांगितलं, एक चुकलं. अय्यर साहेबांनी भागच घेतला नाही. डॉक्टरांनी डोळे मिटून, मान हलवत दोन गाणी सांगितली. दोन्ही जॉर्डनची निघाली. पुढच्या शनिवारी ते पुन्हा ऐकणार आहेत, म्हणे स्पीकरचा दोष होता. बर्फ मीच आणायचा आहे.