पाण्याचा ठसका

आजोबांना पाणी पिताना ठसका लागतो, जेवणानंतर आवाज ओलसर, घोगरा येतो. घरचे म्हणतात, ‘वय झाले.’ हा निष्कर्ष घाईचा आहे.

गिळताना स्वरयंत्र वर उचलले जाते आणि श्वासमार्गाचे दार जेमतेम एका सेकंदापुरते बंद होते. पक्षाघातानंतर किंवा कंपवातात हे दार मिटण्यास विलंब होऊ शकतो. पाणी वेगाने वाहते. म्हणून मऊ भातापेक्षा पाणीच आधी श्वासमार्गात उतरते. त्यातून न्यूमोनिया उद्भवतो. काही रुग्णांना तर ठसकाही लागत नाही. केवळ वारंवार ताप येतो.

यावर उपचार आहेत. स्पीच थेरपिस्ट गिळण्याची तपासणी करतात. गरज भासल्यास बेरियम देऊन क्ष-किरणांखाली घासाचा प्रवास पाहिला जातो. त्यानुसार कोणास हनुवटी झुकवून गिळण्यास, तर कोणास पेय दाट करून घेण्यास सांगतात. हे उपाय तज्ज्ञांच्या सल्ल्यानेच करावेत. ताठ बसणे, लहान घास घेणे, तो उतरल्यावरच दुसरा घेणे आणि जेवणानंतर अर्धा तास आडवे न होणे, एवढे मात्र प्रत्येक घरी पाळता येते.

घास छातीत अडकत असेल, वजन घटत असेल, तर पोटविकारतज्ज्ञांना विनाविलंब दाखवावे. एंडोस्कोपी टाळू नये.

चौविहार पाळणाऱ्या घरांत सूर्यास्तापूर्वीची घाई वृद्धांच्या अंगाशी येते. आजोबांचे ताट सर्वांच्या अर्धा तास आधी वाढावे. व्रतही सांभाळले जाईल आणि श्वासही.