बुडालेल्या कोळ्याचा स्वेटर

जर्मनीत हिवाळ्यात लोकरीच्या दुकानात गेलात, तर जाड पांढरे स्वेटर दिसतात. त्यांवर पीळ घातलेली नक्षी असते. जर्मन लोक तिला 'त्सोप्फमुस्टर' म्हणतात. त्सोप्फ म्हणजे वेणी. माझी आईपण तिला वेणीच म्हणते! इंग्रजीत मात्र ती 'केबल', म्हणजे जहाजाचा जाड दोर.

हा स्वेटर आयर्लंडजवळच्या अरन बेटांवरचा. त्याची एक गोष्ट सगळे सांगतात. तिथे म्हणे प्रत्येक घराची नक्षी वेगळी असायची. कोळी समुद्रात बुडाला, तर स्वेटरवरून त्याचं प्रेत ओळखता यावं म्हणून. आमच्या वर्गात एका मुलीने ही गोष्ट सांगितली, तेव्हा सगळे गप्प झाले. मलाही ती फार आवडायची. पण ती खरी नाही, आणि ती आपण खरी म्हणून सांगू नये, असं मला वाटतं.

हा स्वेटर विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा. बेटावरच्या बायकांनी बाहेरच्या कोळ्यांचे स्वेटर पाहिले, त्यात आपली नक्षी घातली, आणि पुढे ते विकून घराला हातभार लावला. तो हजारो वर्षं जुना आहे, असं लिहिलं हाइन्त्स एडगर कीवे याने. हा मूळचा जर्मनीचा. इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डला त्याचं लोकरीचं दुकान होतं. १९३६ साली डब्लिनमध्ये त्याने असा एक स्वेटर पाहिला आणि त्याची कल्पना धावू लागली.

"गोष्ट छान आहे ना, मग बिघडलं काय?" असं तुम्ही विचाराल. बिघडतं हे की, स्वतःच्या हुशारीने चार पैसे कमावणारी बाई त्या गोष्टीत दिसतच नाही. दिसते फक्त किनाऱ्यावर रडणारी.

आपण मराठी लोकही काही कमी नाही. 'पूर्वापार' हा शब्द आपल्या तोंडात तयारच असतो. उपासाची खिचडी घ्या. साबुदाणा ज्या कंदापासून करतात तो कंद, शेंगदाणे, बटाटा, मिरची, सगळं मूळचं अमेरिका खंडातलं. म्हणून आजीची खिचडी आपली नाही का?

बुडालेल्या माणसाची गोष्ट बहुतेक एका नाटकातून पसरली. जॉन सिंग याच्या १९०४ सालच्या त्या नाटकात बहीण भावाला ओळखते, पण स्वेटरवरून नाही. मोज्यावरून. तो तिनेच विणलेला असतो आणि त्यातले चार टाके गळलेले असतात. म्हणजे ओळख पटते ती नक्षीवरून नाही, चुकीवरून!

मी सध्या असाच एक स्वेटर विणतोय. तीन टाके छोट्या सुईवर घेऊन पुढे धरायचे, त्यानंतरचे तीन आधी विणायचे, मग धरलेले तीन. झाला पीळ. डाव्या बाहीवर माझी एक वेणी उलट वळली आहे. आईला व्हिडिओ कॉलवर दाखवली. ती म्हणाली, "उसव रे."

अजून उसवलेली नाही.