गाडीत राहणाऱ्याच्या महिन्याचा खर्च कोणी धरायचा?

माल रवाना करताना आपण ट्रान्सपोर्टवाल्याला तीन गोष्टी विचारतो. भाडे काय, गाडी कधी पोहोचेल आणि ताडपत्री चांगली आहे ना. गाडी चालवणारा माणूस महिनाभर कुठे झोपतो, कुठे अंघोळ करतो, त्याच्या पोटाला रोज किती लागते आणि ते पैसे कोणाच्या खिशातून जातात, हा चौथा प्रश्न कोणी विचारत नाही. भाड्यात सगळे आले, असे आपण धरून चालतो. व्यापारी बांधवांनी हा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहावा. तो बिघडतो तो रस्त्यावर कमी आणि आपल्याच गोदामाच्या फाटकावर जास्त, असे माझे स्पष्ट मत आहे.

लांब पल्ल्याचा ड्रायव्हर गाडीत नोकरी करतो असे म्हणणे अपुरे आहे. तो गाडीत राहतो. भिवंडीहून बंगळूर हजार किलोमीटरच्या आसपास, कोलकाता त्याच्या जवळजवळ दुप्पट. जाताना कापड, येताना जो मिळेल तो माल. महिन्यातले चार दिवस घर मिळाले तर नशीब. बाकी सव्वीस दिवस सीटमागची फळी हा त्याचा पलंग, पायाशी ठेवलेली पत्र्याची पेटी हे त्याचे कपाट, आणि आरशाला बांधलेली दोरी ही कपडे वाळत घालायची जागा. पूर्वी सोबत क्लीनर असे. तो भांडी घाशी, टायर बघे, रात्री आळीपाळीने जागत असे. आता पुष्कळ गाड्यांवर एकटा ड्रायव्हरच असतो. त्यामुळे डिझेलच्या टाकीवर आणि दोरखंडावर रात्री लक्ष ठेवायचे कामही त्याच्याच झोपेतून वजा होते.

आता महिन्याचा खर्च. हे आकडे मी माल घेऊन येणाऱ्या चार-पाच ड्रायव्हरांशी बोलून मांडले आहेत. कुठे पन्नास कमी, कुठे पन्नास जास्त होतील, पण मेळ बसेल.

सकाळचा चहा-नाश्ता पन्नास रुपये. दोन वेळचे जेवण सव्वाशे-सव्वाशे. म्हणजे दिवसाला तीनशे, आणि सव्वीस दिवसांचे ७,८०० रुपये. अंघोळ व शौचालय पैसे देऊन वापरावे लागते, त्याचे रोजचे पंचवीस धरले तर ६५०. मोबाईलचे रिचार्ज ३५०. आणि हा महिना कंपनीच्या हिशेबाने अठ्ठावीस दिवसांचा असतो, म्हणजे वर्षाला बारा नव्हे तर तेरा रिचार्ज. रात्री गाडी सुरक्षित उभी करायला पैसे घेणाऱ्या जागा आहेत, महिन्यात आठ रात्री शंभरप्रमाणे ८००. साबण, दाढी, मच्छरची अगरबत्ती, पाठदुखीच्या गोळ्या मिळून ६००. बेरीज १०,२०० रुपये. यात पान-तंबाखू धरलेले नाही, रस्त्यात कोणाच्या हातावर ठेवावे लागणारे पैसेही धरलेले नाहीत. हा फक्त एका माणसाचा, छप्पर म्हणून पत्र्याची केबिन असलेल्या माणसाचा खर्च आहे. गावाकडे त्याची दुसरी चूल पेटतेच आहे. तिथे खोलीभाडे आहे, मुलांची फी आहे.

कोणी म्हणेल की हाताने स्वयंपाक करावा, निम्मा पैसा वाचेल. वाचतो खरा. पुष्कळ जण पाच किलोचे सिलिंडर आणि छोटी शेगडी बाळगतात, कांदे-बटाटे, डाळ-तांदूळ पेटीत असतात. पण शेगडी पेटवायला मोकळी जागा आणि दीड-दोन तास लागतात. पेट्रोल पंपावर ती पेटवता येत नाही. आणि कापडाच्या गाठी भरलेल्या गाडीजवळ, गोदामाच्या फाटकासमोर, तुम्ही-आम्ही कोणीच ती पेटवू देणार नाही. ते बरोबरच आहे. एका ठिणगीत लाखोंचा माल जाईल. पण मग हेही कबूल केले पाहिजे की आपल्या फाटकावर उभ्या असलेल्या माणसाला विकतचेच खावे लागते.

ढाब्याचा व्यवहारही समजून घेण्यासारखा आहे. ढाब्यावर खाट फुकट, हौदाचे पाणी फुकट, गाडी उभी करायला जागा फुकट. ही सगळी किंमत ताटात वसूल होते आणि दोघेही खूश असतात. गाडीत राहणाऱ्याचे खरे घर केबिन नसून ढाबा आहे, असे म्हटले तरी चालेल. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा हे सगळ्या देशाला दिसले. ढाबे बंद झाले आणि माल भरलेल्या गाड्यांसोबत हजारो ड्रायव्हर रस्त्यावर अडकले. हातात गाडी होती, कोणाकोणाच्या खिशात पैसेही होते, पण जेवण नव्हते आणि पाणी नव्हते. आता आपली गोदामे पाहा. मानकोली, दापोडा, पूर्णा या पट्ट्यात एकाला लागून एक गाळे आहेत. तिथे फाटकासमोर रांगेत उभ्या असलेल्या ड्रायव्हरला खाट कोण देणार आणि हौद कुठे सापडणार? एका वयस्क ड्रायव्हरने मला एका वाक्यात सांगितले, "शेठ, गाडी चालते तेव्हा माझा खर्च कमी, उभी राहिली की खर्च जास्त." आपण उलटे समजत होतो. उभ्या गाडीला काय खर्च, डिझेल तर जळत नाही, असे आपल्या बाजारात सर्रास बोलले जाते.

डिझेल जळत नाही, पण खुराकी जळते. खुराकी म्हणजे मालकाने जेवणाखाण्यासाठी दिलेली रक्कम. ती बहुतेक ठिकाणी फेरीवर ठरते. समजा बंगळूरची जाऊन-येऊन फेरी आठ दिवसांची धरली आहे आणि खुराकी रोजचे तीनशे, म्हणजे २,४०० रुपये. माल उतरवायला दोन दिवस जास्त गेले, परतीच्या मालासाठी आणखी दोन दिवस गेले, तर फेरी बारा दिवसांची झाली. वरच्या चार दिवसांचे १,२०० रुपये ड्रायव्हरच्या पगारातून गेले. अशा दोन फेऱ्यांत महिना संपतो आणि २,४०० रुपये गेलेले असतात. जेवणाव्यतिरिक्तचा खर्च, जो वर आपण २,४०० रुपयेच काढला, तोही त्याचाच. पगार १८,००० धरला तर घरी १३,२०० पोहोचतात. ज्याला महिन्याचा पगार नसून फेरीमागे पैसे मिळतात त्याचे याहून वाईट आहे. त्याच्या तीन फेऱ्यांच्या दोन होतात, तिसऱ्या फेरीचा पैसा दिसतच नाही.

आणि स्वतःची एकच गाडी, स्वतःच ड्रायव्हर, असे आपल्या समाजात कितीतरी तरुण आहेत. कर्जाचा हप्ता महिन्याला ४५,००० असेल तर गाडी उभी असली तरी दिवस उगवताच १,५०० रुपये चढतात. बँक जुम्मा बघत नाही आणि रविवारही बघत नाही.

जुम्म्यावरून आठवले. मालेगावला माग शुक्रवारी बंद असतात, हे आपल्याला इतके अंगवळणी पडले आहे की बाहेरच्या माणसाला ते ठाऊक नसेल याचा विसरच पडतो. दक्षिणेतून सूत घेऊन निघालेली गाडी गुरुवारी रात्री मालेगावात पोहोचली की शनिवार सकाळपर्यंत हालत नाही. तीच गाडी तिथून परतीचा माल घेऊन निघते आणि रविवारी बंद असणाऱ्या गावात जाऊन पुन्हा उभी राहते. एका आठवड्यात दोन सुट्ट्या, आणि दोन्ही दुसऱ्याच्या. सुट्टी असू नये असे मी म्हणत नाही. माल पाठवणाऱ्याला एक फोन करून "गाडी शनिवारी सकाळी लागेल अशी सोडा" एवढे सांगायला मात्र पैसे पडत नाहीत.

गाडी उभी राहण्याची दुसरी कारणे सांगायला आपण नेहमी तयार असतो. हमाल नाहीत, गोदाम भरलेले आहे, प्रोसेसवाला लॉट नंबर पडल्याशिवाय माल उतरवून घेत नाही. यातली काही कारणे खरी असतात. पण गोदाम भरलेले असताना माल मागवणे म्हणजे दुसऱ्याच्या गाडीला फुकटचे गोदाम बनवणे होय. जागेचे भाडे वाचते ते व्यापाऱ्याचे, आणि ते भरतो केबिनमध्ये झोपणारा माणूस. ई-वे बिलाचीही घडी चालूच असते. दर दोनशे किलोमीटरला एक दिवस अशी त्याची मुदत मोजली जाते. मुदत वाढवून घेतली नाही आणि दारात आलेली गाडी तपासणीत सापडली, तर पहिला ओरडा ड्रायव्हरलाच खावा लागतो.

कायद्याने काय केले, असे कोणी विचारील. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यात दिवसाला आठ तास आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तास कामाची मर्यादा लिहिलेली होती, पण पाचांपेक्षा कमी कामगार असलेल्या मालकाला तो कायदा लागूच नव्हता, आणि एक-दोन गाड्यांचे मालक तर गल्लोगल्ली आहेत. तो विषय पुढे २०२० च्या कामगार संहितेत सामावला गेला. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम व जड मालगाड्यांच्या केबिनला एसी सक्तीचा झाला, ही चांगली गोष्ट झाली. मात्र जुन्या गाड्यांना त्याचा उपयोग नाही, आणि नव्या गाडीतला एसी चालायचा तर इंजिन चालू पाहिजे. मे महिन्यात गोदामासमोर दोन दिवस इंजिन चालू ठेवून झोपायला डिझेल कोणता मालक देईल? म्हणजे इथेही प्रश्न पुन्हा उभ्या गाडीचाच आला.

बाजारात एक उत्तर तयार असते की आम्ही भाडे देतो, पुढे ट्रान्सपोर्टवाल्याने बघावे. भाडे दलालाकडून ट्रान्सपोर्टवाल्याकडे, तिथून गाडीमालकाकडे जाते आणि शेवटी ड्रायव्हरकडे येते. वाटेत कमिशन कापले जाते. बाकी भाडे तर पोच पावती परत आल्यावर, तेही आपल्या सवडीने दिले जाते. हाल्टिंगचा दर बिल्टीवर छापलेला असला तरी तो मागणाऱ्या ट्रान्सपोर्टवाल्याला पुढचा माल मिळत नाही, म्हणून तो मागतच नाही. ड्रायव्हर लोकांत दोष नाहीत असेही नाही. डिझेल विकणारे आहेत, उशीर करून खोटे सांगणारे आहेत, पिणारे आहेत. त्यांचा हिशेब वेगळा करावा. पण वेळेवर आलेल्या माणसाला त्यांच्या नावावर दोन दिवस उपाशी उभे करणे, हा कुठला न्याय?

दुसरे उत्तर थोडे नाजूक आहे. आपले काही बांधव फाटकावर उभ्या असलेल्या ड्रायव्हरला चहा-पाण्याचे पन्नास-शंभर देतात, रमजानमध्ये इफ्तारची पाकिटे पाठवतात. त्यात सवाब आहेच. पण थांबवल्याचे पैसे ही खैरात नाही, ते त्याचे येणे आहे. मजुरीच्या जागी जकात चालत नाही, हे आपल्यापैकी प्रत्येकाला ठाऊक आहे. (जकात म्हणजे इथे नाक्यावरची नव्हे. ती तर मुंबईतूनही २०१७ मध्ये गेली, आणि तिच्याबरोबर नाक्यावरच्या रांगाही गेल्या. त्या रांगा आता आपल्या गोदामांपुढे आल्या आहेत.) जे येणे आहे ते येणे म्हणून, हिशेबाच्या वहीत लिहून द्यावे.

माझ्या गोदामाच्या मागच्या बाजूला काही वर्षांपूर्वी एक संडास, एक न्हाणी आणि बाहेर एक नळ बांधून घेतला. पाणी आणि साफसफाई मिळून महिन्याला दीड हजाराच्या आत खर्च येतो. शेजारच्या गाळेवाल्याने तेव्हा हसून विचारले होते की मुसाफिरखाना काढला का. आज त्याच्याकडे आलेल्या गाड्यांचे ड्रायव्हर अंघोळीला माझ्याकडे येतात. फायदाही सांगतो, कारण हे व्यापाराचे पान आहे. दिवाळीच्या आधी, गाड्यांची ओढाताण असते तेव्हा, दलालाने आमचे नाव घेतले की गाडीवाला नाही म्हणत नाही. पावसाळ्यात ताडपत्री नीट बांधलेली असते. ओल्या गाठींची तक्रार माझ्याकडे पूर्वीइतकी येत नाही.

मोठ्या संघटना ठराव करतील तेव्हा करतील. तोवर एकेकट्या व्यापाऱ्याला जमण्यासारखी एक गोष्ट आहे. गाडी फाटकावर लागली की मुनीमाने बिल्टीच्या मागे तारीख आणि वेळ लिहून सही द्यावी, आणि माल उतरल्यावर पुन्हा वेळ लिहावी. पहिले चोवीस तास सोडून पुढच्या प्रत्येक दिवसाला ड्रायव्हरची खुराकी, वर सांगितलेले तीनशे रुपये, त्याच्या हातात रोख द्यावी व सही घ्यावी. गाडीमालकाचे हाल्टिंग त्याच्या बिलात वेगळे येईल, ते या रकमेत मिसळू नये. आमच्याकडे हे रजिस्टर सुरू केल्यापासून एक फरक पडला. तिसऱ्या दिवशीचे पैसे गल्ल्यातून काढायची वेळ आली की मुकादमाला हमाल सापडू लागले.