स्वस्त औषधाला एमआर नसतो

मिरजेत औषधाचं दुकान चालवणाऱ्याला दोन प्रकारची माणसं रोज भेटतात. एक, हातात चिठ्ठी घेऊन आलेला रुग्णाचा नातेवाईक. दुसरा, बॅग सावरत आलेला कंपनीचा एमआर, म्हणजे मेडिकल रिप्रेझेंटेटिव्ह. हा दुसरा गुळगुळीत कागदावरचं पत्रक काढतो आणि नव्या गोळीची महती सांगतो. त्याच्यावर माझा राग नाही, त्याचं पोट त्यावर आहे. पण इतक्या वर्षांत लिग्नोकेनची किंवा डेक्सामेथासोनची महती सांगायला माझ्या काउंटरवर कुणी आलेलं नाही. येईल कशाला? पेटंट संपून जमाना झाला, ढीगभर कंपन्या तेच औषध बनवतात आणि व्हायलमागे सुटणाऱ्या पैशात एमआरचं पेट्रोलही भागणार नाही.

इथवर हा धंद्याचा हिशेब झाला. पण औषधांवरचं संशोधनही बरंचसं याच हिशेबाने चालतं, आणि माझी तक्रार तिथे आहे.

लिग्नोकेन तुम्हाला ठाऊक आहे. दाढ काढताना हिरडीत जी सुई टोचतात ती त्याची. टाटा मेमोरियलच्या डॉ. राजेंद्र बडवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या औषधाबद्दल एक वेगळाच प्रश्न विचारला. स्तनाच्या कॅन्सरची गाठ काढताना सर्जनचा हात लागतो, ऊती दुखावतात, आणि त्या गडबडीत काही पेशी शरीरात निसटत असाव्यात. मग शस्त्रक्रियेच्या सात ते दहा मिनिटं आधी गाठीभोवती लिग्नोकेन टोचून ठेवलं तर? २०११च्या अखेरीस चाचणी सुरू झाली. देशातल्या ११ रुग्णालयांतल्या १६०० स्त्रियांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले. एका गटाला इंजेक्शन आणि शस्त्रक्रिया, दुसऱ्याला नुसती शस्त्रक्रिया. पाच वर्षांनी इंजेक्शनच्या गटात ९०.१ टक्के हयात होत्या, दुसऱ्या गटात ८६.४ टक्के. म्हणजे शंभरात जवळजवळ चार बायकांचा फरक, तोही दाढ काढायच्या औषधाने. हा निष्कर्ष २०२३ साली ‘जर्नल ऑफ क्लिनिकल ऑन्कॉलॉजी’त छापून आला. पैसा होता केंद्राच्या अणुऊर्जा विभागाचा, कारण टाटा मेमोरियल त्या विभागाखाली येतं.

यावर आक्षेप घेतले गेले आणि ते रास्त आहेत. दुसऱ्या गटाला साध्या पाण्याचं इंजेक्शन टोचलं नव्हतं, त्यामुळे निव्वळ सुई टोचण्याचा परिणाम वेगळा काढता येत नाही. ही चाचणी आणखी कुठेतरी पुन्हा व्हायला हवी. जरूर व्हावी. पण खर्च कोण करणार?

काही जण म्हणतील, डॉक्टरांनी अनुभवातून शिकावं, चाचण्यांचं एवढं अवडंबर कशाला? कधीकधी अनुभवाने भागतंही. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी कोकणातल्या लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन वापरलं. ही रक्तदाबाची जुनी गोळी. हातपाय गार पडलेला, फुप्फुसात पाणी भरू लागलेला रोगी त्या गोळीने डोळ्यांसमोर सावरत होता. फायदा इतका ढळढळीत असला की टिपणं नीट ठेवणाऱ्या एका डॉक्टरलाही तो दिसतो. (टिपणं नीट ठेवणं हेच मुळात दुर्मीळ, ते सोडा.) शंभरात चारांचा फरक मात्र कितीही हुशार सर्जनला नुसत्या नजरेने दिसणार नाही. त्याला वर्षाला दोनशे रुग्ण दिसत असतील, तर त्यातले कोण कशामुळे वाचले हे तो कसं सांगणार? असा फरक हजार-दीड हजार माणसांत आणि वर्षानुवर्षं पाठपुरावा केल्यावरच उमटतो. आता औषधांत होणारी बहुतेक प्रगती याच मापाची आहे.

करोनात हे सगळं आमच्या काउंटरवर उघडं पडलं. ब्रिटनने सरकारी पैशावर ‘रिकव्हरी’ नावाची चाचणी मार्च २०२०मध्ये सुरू केली आणि तीन महिन्यांत, १६ जूनला, निकाल जाहीर केला. रोज सहा मिलिग्रॅम डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड, जास्तीत जास्त दहा दिवस. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू एक तृतीयांशाने घटले, ऑक्सिजनवरच्यांचे एक पंचमांशाने. ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता त्यांना काही फायदा नाही. या निकालात औषध कुणाला द्यायचं आणि कुणाला नाही, दोन्ही होतं. आपण यातलं काय घेतलं? दुसऱ्या लाटेत व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारी चिठ्ठी मोबाइलमध्ये दाखवून लोक स्टेरॉइडच्या गोळ्या मागायचे, ताप येऊन दोन दिवसही झालेले नसायचे. पाठोपाठ काळी बुरशी आली. आटोक्यात नसलेला मधुमेह आणि स्टेरॉइडचा बेसुमार वापर ही तिची मुख्य कारणं तज्ज्ञांनी सांगितली. डेक्साची स्ट्रिप काही रुपयांची. ती नीट कशी वापरावी हे घरोघर पोचवण्यात कुणाचा फायदा नव्हता.

त्याच लाटेत, एप्रिल २०२१मध्ये, रेमडेसिविरसाठी लोक रात्ररात्र जिल्हे पालथे घालत होते. बेळगाव-विजापूरकडचे नातेवाईक हात जोडून उभे राहायचे आणि आमच्याकडे ते नसायचंच. काळ्या बाजारात छापील किमतीच्या कैक पट मोजून लोकांनी ते घेतलं. जागतिक आरोग्य संघटनेने मात्र नोव्हेंबर २०२०मध्येच सांगितलं होतं की, रुग्णालयात दाखल असलेल्यांना ते देण्याची शिफारस आम्ही करत नाही. पुढे सुरुवातीच्या टप्प्यात, जोखमीच्या रुग्णांना त्याचा उपयोग दिसला, हेही खरं. पण ज्यांनी दागिने मोडले ते त्या टप्प्यातले नव्हते. करोनातून बरे झालेल्यांच्या प्लाझ्माचीही तीच गत. आपल्याच आयसीएमआरने ३९ रुग्णालयांत ४६४ रुग्णांवर चाचणी केली, फायदा नाही असा निकाल २०२०मध्येच प्रसिद्ध केला, आणि तरी मे २०२१पर्यंत प्लाझ्मा सरकारी उपचारसूचीत राहिला. तेव्हा चाचणी करणं पुरेसं नाही, तिचं ऐकावंही लागतं.

आणखी एक उदाहरण, कारण आमच्या भागात तंबाखू-मावा घराघरांत आहे. तोंडाच्या आणि घशाच्या कॅन्सरवर निव्होलुमॅब हे इम्युनोथेरपीचं औषध. पूर्ण डोस दर दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅम, खर्च लाखांत. टाटाच्या डॉक्टरांनी दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम दिलं, तेवढ्याच काळाचा हिशेब केला तर अठरावा हिस्सा. जोडीला स्वस्त गोळ्या. त्यातल्या मेथोट्रेक्सेट आणि सेलेकॉक्सिब मी संधिवाताच्या रुग्णांनाही देतो. १५१ रुग्ण होते, आजार बळावलेले. नुसत्या गोळ्यांवर वर्षभर जगलेले १६.३ टक्के, निव्होलुमॅब जोडल्यावर ४३.४ टक्के. आपलं औषध कमी घेतलं तरी चालतं का, हा प्रश्न कंपनी कशाला विचारेल? गिऱ्हाइकाला ‘अर्धीच स्ट्रिप घ्या’ असं मीही आपणहून सांगत नाही.

म्हणून हे प्रश्न विचारायचं काम सरकारचं आहे, आणि त्यासाठी नवी इमारत लागत नाही. २०१९च्या नव्या नियमांनुसार, बाजारात मान्यता असलेल्या औषधाची अभ्यासासाठी नव्या आजारावर किंवा नव्या मात्रेत चाचणी करायची असेल, तर नैतिकता समितीची मंजुरी पुरते, दिल्लीची परवानगी लागत नाही. माणसंही आहेत. एमडी-एमएस करणाऱ्या प्रत्येकाला प्रबंध लिहावाच लागतो. माझ्या पुतण्यानेही लिहिला, पन्नास-साठ रुग्णांवर. सोनेरी अक्षरांचं बाइंडिंग झालं, तो पास झाला आणि प्रबंध कपाटात गेला. दरवर्षी राज्यात असे किती प्रबंध कपाटात जातात! त्याऐवजी नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाने दर तीन वर्षांसाठी चार-पाच प्रश्न ठरवावेत, सगळ्या सरकारी महाविद्यालयांतल्या मुलांनी मिळून एकाच आराखड्याने रुग्ण नोंदवावेत, आणि विम्याचा, पाठपुराव्याचा, नोंदी ठेवणाऱ्यांच्या पगाराचा खर्च राज्याने उचलावा. रुग्णाला त्याच्या भाषेत सगळं सांगून, त्याला नाही म्हणायची मुभा ठेवून. मिरजेत ती भाषा पुष्कळदा कानडी असते, हेही लक्षात ठेवावं.

आमदार अधिवेशनात रुग्णालयांच्या खाटा किती वाढल्या हे विचारतात. त्यांनी येत्या अधिवेशनात एवढंही विचारावं: राज्याच्या पैशाने यंदा कोणत्या जुन्या, स्वस्त औषधाची चाचणी सुरू झाली? उत्तर ‘एकाचीही नाही’ असं आलं, तर ते कामकाजाच्या नोंदीत तरी राहील.